०७०३ मधला शून्य जपा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा-डाळिंबाच्या रोजच्या हिशोबपट्ट्यांच्या सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) महिनाअखेरीस एकेक उघडून एकत्र कॉपी-पेस्ट करण्याची गरज नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं पांडाज हे तक्ते हाताळणारं पॅकेज हे काम दहा-पंधरा ओळींत करतं. मात्र मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. कांद्याचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, ०७०३ असतो, एक्सेल त्याचा ७०३ करून टाकतं. १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा तर शून्यच होतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपलीकडे जपत नाही.

पांडाजही सुरुवातीचा शून्य खातं. म्हणून फाइल वाचतानाच डीटाईप या रकान्याचा प्रकार सांगणाऱ्या पर्यायाला एसटीआर (dtype=str) द्या, म्हणजे सगळे रकाने मजकूर म्हणून येतील. मग फक्त वजन आणि रक्कम आकड्यांत बदला. रकमेतले स्वल्पविराम त्याआधी काढावे लागतात.

तारखेला दिवस-महिना-वर्ष हा साचा स्वतः सांगा. अंदाजावर सोडलं तर ०३-०४ म्हणजे ४ मार्च धरला जातो, आणि १२ तारखेपर्यंतच्या फायलींत एररही येत नाही. सगळ्यात वाईट चूक हीच.

निकाल सीएसव्हीतच हवा असेल तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८-सिग (utf-8-sig) ठेवा, नाहीतर एक्सेलमध्ये शेतकऱ्यांच्या मराठी नावांचा चिवडा होतो.

रोज रात्री आपोआप चालवायला ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर पुरेसा आहे. त्यात ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा सोडू नका, फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरात फायली शोधते. निकालाच्या नावात तारीखही घाला. जुनी फाइल कुणाच्या एक्सेलमध्ये उघडी राहिली, तर विंडोज तिच्यावर लिहू देत नाही.