टोपी चढवण्याआधी: नजरेने अक्षरं निवडण्याच्या पहिल्या दिवसाची तयारी

सगळ्यात आधी ‘थांबा’ची खूण ठरवा. ज्याला बोलता येत नाही, हात उचलता येत नाही, त्याने पडद्यावरचं (स्क्रीनवरचं) अक्षर नुसतं पाहून निवडावं म्हणून त्याच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोपी चढवतात. ती चढवताना त्याला ‘नको’ म्हणता आलंच पाहिजे. दोनदा पापण्या मिटणं, नजर वर नेणं, जे जमेल ते. उत्तर आपल्याला माहीत आहे असे दोन-तीन प्रश्न विचारून ती खूण पक्की आहे ना ते बघा आणि खोलीतल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

मग फिटची चौकशी. त्याला स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला फिट येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडदा लावूच नका. साधारण १५ ते २५ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारं लुकलुकणं सर्वांत धोक्याचं मानतात. पुढे सांगितलेल्या दोन्ही पद्धतींत पडद्यावर काहीतरी चमकतंच, त्यामुळे पद्धत बदलली म्हणून हा प्रश्न टळत नाही.

डोळ्यांना पुरेसा वेळ द्या. चष्मा पुसलेला आहे का, पापणी अर्धी खाली येते का, दोन-दोन दिसतं का, नजर एका अक्षरावर पाच सेकंद ठरते का? लक्ष दिलं की पुरे, डोळे कुठेही असोत, असं पूर्वी धरून चालत. तसं नाही. नजर अक्षरावर नसेल तर अचूकता बरीच घसरते. नजर ठरतच नसेल तर आवाजावर किंवा स्पर्शावर चालणाऱ्या पद्धतीकडे वळा, त्याला उगाच दमवू नका.

पद्धत आदल्या दिवशीच ठरवा. फारवेल आणि डोंचिन या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अक्षरांची ६ बाय ६ची चौकट असते. ओळी आणि स्तंभ उलटसुलट क्रमाने चमकतात, आपलं अक्षर उजळलं की मनात मोजायचं आणि त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत पी३०० ही लहर उमटते. एका फेरीतल्या १२ चमकांपैकी फक्त २ त्याच्या अक्षराच्या, म्हणून बऱ्याच फेऱ्या लागतात. हे त्याला नीट समजावून सांगा. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक चौकोन आपापल्या वेगाने लुकलुकतो आणि ज्याच्याकडे पाहावं त्याचाच वेग डोक्याच्या मागच्या भागात उमटतो. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर ७.५, १०, १२ असे ६०ला पूर्ण भाग जाणारे वेग घ्या. पडद्याची ‘नाइट लाइट’ आणि उजेड आपोआप कमी करणारी सोय बंद करा.

केस आदल्या रात्री धुवा, तेल नको. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. अंतर ३६ सेंटिमीटर भरलं तर उंचवट्यापासून ३.६ सेंटिमीटर वर, बरोबर मध्यावर, ‘ओझेड’ची खूण करा. संकेत टिपणाऱ्या टोपीतल्या ठिपक्यांपैकी, म्हणजे इलेक्ट्रोडपैकी, मागच्या मधल्या ठिपक्याची ही जागा. पी३००साठी माथ्यावरच्या जागाही लागतात. हमखास राहून जाते ती उशी! झोपलेल्या माणसाचा भार नेमका याच इलेक्ट्रोडवर येतो, ते रुततात आणि सरकतात. मानेखाली गुंडाळी देऊन डोक्याचा मागचा भाग मोकळा ठेवा. इलेक्ट्रोड आणि त्वचा जोडणारं जेल थोडंच घाला, शेजारच्या दोन ठिपक्यांचं एक झालं तर दोन्ही वाया जातात. त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत रोध १० किलोओहमच्या आत आणा.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लांब ठेवा. व्हेंटिलेटरला मात्र हात लावायचा नाही, त्याची संकेतातली खरखर सॉफ्टवेअरच्या गाळणीने (फिल्टरने) काढता येते. लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन यंत्र हाताशी असू द्या.

आता डोळे मिटायला सांगा. मागच्या इलेक्ट्रोडवर ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी फुगलेल्या दिसल्या की जोडणी बोलते आहे. मानवी ईईजीवरच्या १९२९च्या पहिल्या लेखात जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी याच लहरींविषयी लिहिलं होतं. काहींच्यात त्या मुळातच क्षीण असतात, तेव्हा दिसल्या नाहीत तर आधी जेल तपासा, माणसाला दोष देऊ नका.

सरावाला ठरलेला छोटा शब्द द्या आणि ही त्याची परीक्षा नाही, यंत्राची आहे, हे मोठ्याने सांगा. ‘कूस बदला’, ‘लाळ पुसा’ अशी वाक्यं एकेका चौकोनात आधीच भरून ठेवा. शेवटची दहा मिनिटं त्याच्या मनातल्या अक्षरांसाठी राखा. शब्द अर्धवट आला तरी तुम्ही पूर्ण करू नका. आलेली अक्षरं वाचून दाखवा, ‘हेच का?’ विचारा आणि पापण्यांकडे बघत थांबा.