जुनी चिनी बशी घेताना, धुताना, धाडताना: या चुका टाळा

मला येणारा फोटो नेहमी बुडाचा असतो. बशी उपडी घातलेली, मधोमध निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं आणि खाली प्रश्न: ‘बादशहाचं नाव आहे म्हणतात, किती जुनी असेल?’ पुढच्या बाजूचा फोटो मला मुद्दाम मागावा लागतो.

अक्षरांवरून वय ठरवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मिंग घराण्यातल्या छंग्हुआ बादशहाचं (१४६५–८७) नाव असलेली बशी पुष्कळदा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी, खांग्शी बादशहाच्या काळात घडलेली असते. त्यात लबाडीच असते असं नाही. १६७७ मध्ये चिंगदचन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावी भट्ट्यांवरच्या स्थानिक अधिकाऱ्याने चालू बादशहाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली. भांडं फुटलं की नावाची विटंबना होते, हा विचार. मग कारागीर जुन्या नावाजलेल्या काळाचं नाव घालू लागले, नाहीतर दोन निळी वर्तुळं काढून मधली जागा कोरी सोडू लागले. अठराव्या शतकात युरोपला गेलेल्या बहुतेक मालावर तर काहीच खूण नसते. म्हणून ठसठशीत अक्षरं दिसली की मला आधी शंका येते. रोमन लिपीत नुसतं ‘चायना’ लिहिलेलं असेल, तर बशी बहुधा १८९१ नंतरची: तेव्हापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं.

बुडाचा फोटो काढायचाच, तर बशी ज्या कड्यावर टेकते त्या कड्याचा काढा, जवळून. तिथे झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसते; कोरी माती दिसते. झिलई संपते तिथे कधी कधी गंजासारखी नारिंगी रेघ असते. बनावट मालावर हाच भाग चहाच्या पाण्याने नाहीतर कशाने तरी सरसकट तपकिरी केलेला असतो. ओला कापूस फिरवला की तो रंग पुष्कळदा कापसावर उतरतो. मग भिंग घेऊन पुढची बाजू बघा. सुरीने खाल्लेल्या बशीवरचे ओरखडे मधोमध दाट असतात आणि वाटेल त्या दिशेला जातात. जुनी दिसावी म्हणून सँडपेपरने घासलेली असेल, तर सगळे एकाच दिशेने.

दुसरी चूक म्हणजे ‘चिनी’ म्हटल्यावर चिनी घरातलं भांडं समजणं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५५७ मध्ये मकाव वसवलं, आणि चिनी भांडी गोव्यामार्गे लिस्बनला जाऊ लागली. पुढे डच आले, इंग्रज आले. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर खुलं होतं. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची जहाजंही तिथेच जात. जाताना कापूस आणि अफू. चिंगदचनमध्ये १३०० अंशांच्या आसपास भाजलेली पांढरी भांडी कँटनला येत आणि तिथे गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे रंगत. घराण्याचं मानचिन्ह हवं असेल तर चित्र जहाजाने पाठवायचं आणि दोनेक वर्षं वाट बघायची. म्हणून आधी आकार बघा. रुंद सपाट काठाची सूपची बशी, कानवाला मग, सॉसचं नावेसारखं भांडं: हे चिनी पंगतीतलं सामान नव्हेच.

मानचिन्ह दिसलं म्हणून लगेच हुरळूही नका. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने (स्थापना १८४५) अशा भांड्यांच्या हुबेहूब नकला केल्या. तिच्या खुणा पुढे विक्रेत्यांनी घासून काढल्या, तेव्हा बुडाशी एखादा खरवडलेला ठिपका दिसला तर हात आखडता घ्या. आणि फसलो म्हणून फार लाजूही नका. एकोणिसाव्या शतकात विल्यम चॅफर्ससारख्या जाणकाराने हीच चिनी भांडी इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्ट गावची ठरवली आणि ते नाव कितीतरी वर्षं चिकटून राहिलं. लोस्टॉफ्टची माती तर मऊ, कमी आचेवरची; चिनीसारखी कडक नव्हे.

विलो, पूल आणि दोन पक्षी असलेली निळी बशी बहुतेक वेळा इंग्लंडची. ती नक्षीच तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जुळवली गेली. नक्षी कागदावर छापून बशीवर उठवत, त्या कागदाचे सांधे काठाशी शोधा. आणि हो, लोणच्याची बरणी ‘चिनी मातीची’ असली तरी चीनची नव्हे.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हेही डोक्यातून काढा. १७५२ च्या जानेवारीत बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजातून सुमारे दीड लाख नग वर काढले आणि १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमला लिलावात विकले. खरा माल चहा होता. भांडी त्याच्याखाली तळाला, वजनाला. मालाच्या किमतीत त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के.

आता माझी स्वतःची चूक. एका दुकानातून निळी-पांढरी बशी घेतली, बोटाने टिचकी मारून बघितलीच नाही. घरी आणून कोमट पाण्याच्या बादलीत बुडवली, साबण घेऊन वळलो, तर पाण्यात तीन तुकडे. जुना सरसाचा जोड पाण्याने सुटला होता. अखंड बशी टिचकीला खणखणते. तडा किंवा जोड असेल तर बद्द वाजते. संशय असेल तर ती भिजवूच नका, ओल्या फडक्याने पुसा. सोनेरी रेघ असेल तर डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य. झिलईवरच्या रंगांत शिसं असतं, तेव्हा त्यात लिंबू-चिंचेचं काही वाढू नका. भिंतीला लावायचे स्प्रिंगचे आकडे काठावर सतत ताण देतात. आधीची बारीक चीर त्याने लांबत जाते.

अमेरिकेतल्या लेकीला आजीची बशी धाडायच्या आधी मात्र थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला मिळतो; तो सामानात नाही, हातात ठेवा.

माझे तीन तुकडे मी परत चिकटवले नाहीत. कोणी बशी दाखवायला आणली की त्या तुकड्यांची मोडलेली कड आधी हातात देतो: मोडलेल्या गारगोटीसारखी गुळगुळीत, आरपार पांढरी. मग शेजारी फुटक्या बरणीचा खापा ठेवतो, करडा आणि रवाळ.