मृगापूर्वी मिरीवेलाचे आळे मोडावे

कोकणात घराच्या परसात माडावर, पोफळीवर किंवा आंब्याच्या खोडावर काळी मिरी चढवू पाहणाऱ्या नवख्या बागायतदारांसाठी ही सूचना तातडीची आहे. उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेले खोलगट आळे मे महिना संपण्यापूर्वी मोडले नाही, तर त्यात तुंबणारे पावसाचे पाणीच वेलाचा घात करते. तीन-चार वर्षे सांभाळलेला, नुकताच घोस धरू लागलेला वेल जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांत पाने आणि घोस गाळून कोलमडतो, आणि बुडाशी पाहिले तर ते आळे बहुतेक ठिकाणी तसेच असते.

या रोगाला जलद मर म्हणतात. तो फायटोफ्थोरा या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत कोवळ्या मुळांपर्यंत जातात, आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीबरोबर खालच्या पानांवर चढतात. पानांवर झालरीसारख्या कडेचे काळे डाग दिसले, की बुरशी वर निघाली असे समजावे. केवळ मुळे कुजली असतील, तर पावसाळाभर काहीच दिसत नाही आणि पाऊस थांबल्यावर वेल पिवळा पडू लागतो.

म्हणून आळ्यात माती भरून बुडाशी बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि पाणी निघून जाण्यासाठी चर काढावा. छपराच्या पागोळ्या वेलाच्या बुडाशी पडत असतील, तर पन्हळ लावून त्या दूर वळवाव्यात. जमिनीवर पसरलेले धुमारे आधाराला बांधावेत किंवा कापून टाकावेत, आणि आधाराच्या झाडाची सावली विरळ करावी. ही कामे पावसाआधीच उरकावीत, कारण पावसात कुदळीने दुखावलेली मुळे लवकर कुजतात. ज्या वेलाच्या बुडाशी शेवाळ धरते तो फार काळ टिकत नाही, असा आमचा अंदाज आहे. त्याला शास्त्रीय आधार नसला, तरी शेवाळ दिसताच चर खोल करावा.

पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावे, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या 5 लिटर पाण्यात विरवून गाळावा, मग मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतावे आणि मिश्रण त्याच दिवशी वापरावे. त्यात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा. शिवाय कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम या प्रमाणात मिसळून, मोठ्या वेलाच्या बुडाशी 5 ते 10 लिटर ओतावे. जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत फवारणी आणि आळवणी (बुडाशी औषध ओतणे) पुन्हा करावी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरायची असल्यास प्रत्येक वेलाला 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून द्यावी. मात्र त्याच सुमारास जमिनीत तांबे घालू नये, कारण त्याने ही उपयोगी बुरशीही मरते.

वेल पिवळा पडला की दुकानदार महागडे टॉनिक आणि विद्राव्य खत सुचवतात. कुजलेली मुळे त्यातले काहीच शोषू शकत नाहीत, तेव्हा तो खर्च करू नये. आधी आळे पाहावे.

नवीन लागवडीसाठी:
- खड्डा 50 × 50 × 50 सें.मी., आधारापासून 30 सें.मी. अंतरावर, उत्तरेस किंवा ईशान्येस.
- खड्ड्यात 5 किलो कुजलेले शेणखत.
- प्रत्येक आधाराला मुळे फुटलेली दोन-तीन रोपे, जूनच्या पावसात.
- उघड्या जागी पन्नियूर-1; दाट सावलीत ही जात लावू नये.
- काढणी डिसेंबर ते फेब्रुवारी, घोसातील एक-दोन दाणे तांबडे झाल्यावर.

खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी, कारण पहिल्या जोरदार सरींनी ती खचते आणि त्या जागी न केलेले आळे तयार होते. मेलेला वेल मुळांसकट उपटून जाळावा आणि त्या जागी त्याच पावसात दुसरा लावू नये.