सही करण्याआधी: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या करारांतून शिकण्यासारखा हिशेब

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल. तिचे पैसे गीतकार-संगीतकाराला आणि पब्लिशरला, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला जातात. दुसरी मास्टर, म्हणजे स्टुडिओत मुद्रित झालेलं मूळ ध्वनिमुद्रण. त्याचे पैसे मालकाला, म्हणजे सहसा रेकॉर्ड कंपनीला मिळतात आणि गायकाच्या वाट्याला त्यातली ठरलेली टक्केवारी येते. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर आजही फक्त रचनेचे पैसे मिळतात, गाणाऱ्याला छदामही नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओचे मात्र साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ मुख्य कलावंताला, ५ साथीच्या वादक-गायकांच्या निधीला. तिथे नाव नोंदवलं नाही तर ४५ टक्के नुसते पडून राहतात.

म्हणून करार हातात आला की टक्केवारीचं पान आधी उघडू नका. रचना कोणाची आणि मास्टर कोणाचा, हे आधी शोधा.

ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क ५० डॉलरना विकले. गाणं तुफान चाललं, पैसे दुसऱ्याने कमावले. मग त्यांनी हॅरी पेस यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था चालवली आणि १९१४ चं 'सेंट लुइस ब्लूज' स्वतःकडेच ठेवलं. त्या एका गाण्याने त्यांना जन्मभर पैसे दिले. गायक लिटल रिचर्डने १९५५ मध्ये 'टुटी फ्रुटी'चं पब्लिशिंग, म्हणजे रचनेचे हक्क, कंपनीला दिले, तेही ५० डॉलरनाच. चार दशकांत भाव काही वाढला नव्हता.

गायक चक बेरीच्या 'मेबेलिन'वर तर रेडिओवर गाणी वाजवणारा डीजे ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावं सहलेखक म्हणून चढली. फ्रीडच्या बाबतीत गाणं वाजवून घेण्याची ती किंमत होती. पूर्ण श्रेय परत मिळेपर्यंत १९८६ उजाडलं. यावर उपाय फुकटचा आहे: स्प्लिट शीट. गाणं झालं त्याच दिवशी, स्टुडिओतून निघण्याआधी एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, शब्द-चालीतला टक्का आणि सह्या. बेरीज १०० झालीच पाहिजे. गाणं गाजल्यावर हा कागद करायला बसलात की चौघांची बेरीज १६० होते.

वादकांनी इथे जास्त सावध राहावं. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डचा ताल शेकडो हिप-हॉप गाण्यांत कापून वापरला गेला. पण ताल म्हणजे रचना नव्हे असा रिवाज, त्यामुळे रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं आणि सँपलची रॉयल्टी त्याच्यापर्यंत पोचली नाही. तुमच्या वादनावर गाणं उभं राहणार असेल तर वाजवण्याआधी टक्का मागा. रोजंदारी घेऊन घरी गेलात की विषय संपला.

आता पैशांचा मुख्य सापळा, ॲडव्हान्स. ऊसतोडीला मुकादम देतो तशीच ही उचल, आधी घ्यायची आणि मग फेडत बसायचं. एक नमुना पाहा. उचल २ लाख डॉलर, रेकॉर्डिंगचा खर्च त्यातूनच. व्हिडिओला ८० हजार, त्यातले निम्मे तुमच्या देण्यात. दौऱ्याची मदत ४० हजार. एकूण देणं २ लाख ८० हजार. रॉयल्टी १५ टक्के, त्यातले ३ प्रोड्युसरला, तुमच्याकडे १२. कंपनीकडे मास्टरचे १० लाख डॉलर जमा झाले की तुमच्या नावे १ लाख २० हजार लागतात. म्हणजे कंपनीचा सगळा खर्च वसूल होऊन वर भरपूर उरलं, तरी तुमच्या खात्यावर १ लाख ६० हजारांचं देणं आहेच. कारण वळती होते ती तुमच्या १२ टक्क्यांतून, पूर्ण कमाईतून नव्हे. टीएलसी या तिघींच्या गटाने १९९५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांचा अल्बम धडाक्याने खपत होता.

दोन कलमं लाल पेनाने खोडायची. एक, या अल्बमची उचल पुढच्या अल्बमच्या किंवा पब्लिशिंगच्या पैशांतून वळती करण्याची मुभा. दुसरं, अल्बम किती करायचे हे ठरवण्याचा हक्क फक्त कंपनीला.

मास्टर मागायचा तर वेळ साधावी लागते. गायक रे चार्ल्स १९५९ मध्ये ॲटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी सोडून एबीसी-पॅरामाउंटकडे गेला तेव्हा त्याचं गाणं नुकतंच गाजलं होतं आणि जुना करार संपत आला होता. तेव्हाच त्याने मास्टरच्या मालकीचं कलम घालून घेतलं. करारात अडकल्यावर मागणाऱ्या गायक प्रिन्सला वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी झगडताना गालावर 'स्लेव्ह' लिहून फिरावं लागलं. मास्टरचा ताबा २०१४ मध्ये मिळाला.

अमेरिकन कायद्यात एक खिडकी आहे. १९७८ पासून स्वतः लिहून दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत घेता येतात, मात्र नोटीस २ ते १० वर्षं आधी द्यावी लागते. करारात 'वर्क फॉर हायर' (कंपनीसाठी करून दिलेलं, म्हणून कंपनीच्याच मालकीचं काम) असे शब्द असले की कंपनी याच वाटेवर आडवी येते. भारतात रचनाकारांची बाजू तुलनेने बरी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा लिहून देता येत नाही, आणि हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. मराठी रॅप करणाऱ्यांनी आयपीआरएस या रचनेची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व पहिल्या गाण्याबरोबरच घ्यावं.

कार्यक्रमाच्या पैशांतही गळती असते. एजंट १०, मॅनेजर १५ ते २०, वकील ५, हिशेबनीस ५ टक्के, आणि हे सगळं एकूण रकमेवर. हजार डॉलरमधून ४०० असे गेले की उरलेल्या ६०० मध्ये साथीदार, गाडी, हॉटेल. मॅनेजरचं कमिशन खर्च वजा जाता ठरवा. तो सोडून गेल्यावर किती वर्षं आणि किती टक्क्याने द्यायचं, तेही आधीच लिहा. गायिका अरिथा फ्रँकलिन मानधन रोख घ्यायची आणि पर्स रंगमंचावर नजरेसमोर ठेवायची. कृष्णवर्णीय गायकांना बुडवणारे आयोजक तिने पाहिले होते, त्यामुळे हा लहरीपणा नव्हता. निम्मे पैसे तारीख देताना आणि बाकीचे रंगमंचावर चढण्याआधी, हा नियम आजही चालतो.

आणि मृत्युपत्र करा. पंचविशीतसुद्धा, कारण हक्क माणसामागे अनेक दशकं चालतात. प्रिन्स २०१६ मध्ये मृत्युपत्राविना गेला. मालमत्तेचा निकाल लागायला २०२२ उजाडलं. अरिथाने हाताने लिहिलेले कागद ठेवले होते, त्यातला एक सोफ्याच्या गादीखाली सापडला. तो ग्राह्य की त्याआधी लिहिलेला दुसरा कागद, हे २०२३ मध्ये ज्युरीला ठरवावं लागलं. मृत्युपत्रात घर-गाडीबरोबर रचना, मास्टर आणि साउंडएक्स्चेंजसारखी खाती वेगवेगळी लिहा, आणि पुढचे करार कोण करेल त्या एका माणसाचं नाव घाला.