एकदा छापलेला कागद पुन्हा त्याच मशीनमधून घाला

पहिलं जुनं ऑफसेट मशीन बघायला गेलो तेव्हा मी सोबत चेकबुक आणि मेव्हणा नेला होता. दोन्हींचा उपयोग झाला नाही. न्यायला हवं होतं ते माझा स्वतःचा कागद, माझी स्वतःची प्लेट आणि एक मशीनमन.

हे लिहितोय ते ज्यांचं डीटीपीचं किंवा लेसर प्रिंटचं दुकान चालू आहे, काम बाहेर छापून घेऊन कंटाळा आलाय आणि आता स्वतःचं मशीन टाकायचं डोक्यात आहे, त्यांच्यासाठी. प्लेट, ब्लँकेट (प्लेटवरचा ठसा उचलून कागदावर देणारं रबर), पाणी आणि शाई यांचं गणित तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ते माहीत नसेल तर आधी सहा महिने कोणाच्या तरी प्रेसमध्ये डिलिव्हरीपाशी, म्हणजे छापलेला कागद निघतो तिथे, उभे राहा, मग हे वाचा.

माझं मशीन १५ बाय २० इंची, एकरंगी, परदेशी बनावटीचं, जुनं. मेक मुद्दाम सांगत नाही, कारण दोष मेकचा नव्हता. दोष झिजेचा होता आणि त्याहून जास्त माझ्या बघण्याचा. डीलर दुसऱ्या शहरातला. त्याने चहा दिला, मशीन चालू केलं, आर्ट पेपरवर एका बाईचा फोटो काळ्या रंगात काढून दाखवला. केसांची एकेक बट मोजून घ्यावी अशी छपाई. मी मीटर बघितला (मशीनने आजवर किती शीट छापले ते दाखवतो तो), आकडा कमी वाटला, हिरवा रंग चकाचक होता. तासाभरात इसार देऊन मोकळा झालो.

आता बघा, त्या फोटोने काय सिद्ध झालं? शाई लागते, पाणी लागतं, ब्लँकेट नवं आहे. बस. चाररंगी काम एकरंगी मशीनवर करायचं म्हणजे एकच कागद चार वेळा आत जाणार, आणि चारही वेळा त्याच जागी धरला जायला हवा. एका फेरीत हे कधीच कळत नाही. कागद दोन मिलिमीटर सरकून छापला तरी एका रंगात तो देखणाच दिसतो. मी नेमका इथे फसलो. मान्य करायला आजही जड जातं, कारण हे मला शब्दांनी माहीत होतं.

पहिलं मोठं काम आलं एका टॉवेलवाल्याचं. सोलापुरात हे काम पोटापाण्याचं. टॉवेलच्या जोडीला गुंडाळायची पट्टी, चाररंगी, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर. ३००० शीट. निळा उतरला, छान. लाल चढवला आणि अक्षरांच्या कडेला पांढरी फट दिसायला लागली. साइड ले, म्हणजे कागद बाजूने जागेवर लावणारा अडसर, हलवला. पुढचे दोन शीट बरोबर, तिसरा डावीकडे, चौथा तिरका. पुन्हा हलवला. रात्री ११ पर्यंत मी ले हलवत होतो. ४०० शीट रद्दीत गेले, आणि ते शीट टॉवेलवाल्याच्या कागदाचे होते.

सकाळी अण्णांना बोलावलं. अण्णा आमच्या अशोक चौकाकडचे, आधी ट्रेडल (जुनं पायाचं छपाई मशीन) आणि मग ऑफसेट, सगळं आयुष्य मशीनवर गेलेलं. मी मीटरकडे बोट दाखवून सांगत होतो की मशीन फार चाललेलं नाही. ते म्हणाले, "मीटर काय बघूलालास बे? बोटं बघ." त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, स्विंग ग्रिपरच्या (कागद पकडून सिलिंडरकडे नेणाऱ्या चिमट्याच्या) एकेका बोटाखाली एकेक घातली, हाताने चाक फिरवून ग्रिपर मिटवला आणि पट्ट्या ओढायला लागले. पहिली पट्टी ताणून फाटली. दुसरी, तिसरी तशीच. चौथी आणि पाचवी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. ती दोन बोटं कागद धरत नव्हती, धरल्याचं नाटक करत होती. शिवाय ग्रिपरच्या शाफ्टचा बुश (दांड्याभोवतीची धातूची कडी) ढिला, हाताने हलवला तर टकटक वाजत होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरकडून बुश करून घेतले, ग्रिपरचे पॅड बाहेरून मागवले. २३ दिवस मशीन बंद. हप्ता मात्र चालू. टॉवेलवाला गेला तो गेलाच.

म्हणून मशीन घेण्याआधी करायची ही टेस्ट. लांबण लावून सांगतो, कंटाळू नका.

जिथे तुमच्या प्लेट निघतात तिथून त्या मशीनच्या मापाची एक प्लेट काढून घ्या. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध केसासारख्या बारीक रेषांचे क्रॉस. मधल्या भागात ५० टक्के सपाट टिंट (बारीक ठिपक्यांचा एकसारखा फिका रंग). एका बाजूला सॉलिडची, म्हणजे पूर्ण भरीव शाईची, आडवी पट्टी. फोटो नको, फोटो सगळं झाकतो. कागद तुमचा न्या, १०० शीट आर्ट आणि १०० शीट मॅप्लिथो (चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद), चांगल्या कटिंगवर काटकोनात कापलेला. गठ्ठ्याच्या कडेला मार्करने तिरकी रेघ मारा, म्हणजे एखादा शीट उलटा लागला तर लगेच दिसेल.

छापायला सांगा. डीलर तासाला ३००० शीटच्या स्पीडला चालवेल. ५०००-६००० ला न्यायला सांगा, कारण ले आणि ग्रिपरची खोड वेगात बाहेर पडते. शाई कमी ठेवा. शीट निघाले की गठ्ठ्यावर प्लॅस्टिक टाका आणि तासभर थांबा. डीलर इथे वैतागतो. वैतागू द्या. मग तेच शीट, तीच प्लेट, त्याच ग्रिपर कडेने, त्याच साइड लेला, त्याच स्पीडने पुन्हा आत घाला. कोणी लेला हात लावत नाही ना, यावर डोळा ठेवा. दुसरा ठसा पहिल्यावर बरोबर बसला तर क्रॉसची रेघ एकच दिसते. दोन दिसल्या की मशीन बोलायला लागलं.

काय बोलतंय ते १० पट भिंगाने ऐका. ग्रिपरच्या कडेला क्रॉस जुळतात आणि शेपटीकडे फाकतात, पण सगळ्या शीटवर सारखेच फाकतात, तर कागदाने पाणी प्यायलंय किंवा दाब जास्त आहे. याला घाबरू नका, हे सुधारतं. फक्त आडवं सरकतंय, तर साइड ले, स्वस्तात भागतं. पण सलग २० शीट काढून बघितले आणि प्रत्येक शीट आपल्याच मर्जीने वरखाली, तिरका, कधी बरोबर, तर दोष फ्रंट लेचा (कागद समोरून अडवणारा), स्विंग किंवा सिलिंडरच्या ग्रिपरचा. तिथे भाव पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. उठा आणि या. किंवा तुमच्याकडे अण्णांसारखं कोणी असेल आणि महिनाभर मशीन बंद ठेवायची ऐपत असेल, तरच भावाचं बोला.

टिंटकडे बघायला विसरू नका. त्यात सारख्या अंतरावर आडव्या पट्ट्या आल्या तर अंतर मोजा आणि गिअरच्या दात्यांशी ताडून बघा. जुळलं तर गिअर झिजलेत. एकाच जागी फिकट डाग असेल तर आधी ब्लँकेट बदलायला लावा. डाग तिथेच राहिला तर सिलिंडरला खड्डा आहे. काही ठिकाणी तो खड्डा जास्तीचं पॅकिंग घालून झाकतात, म्हणून ब्लँकेट सोडवून खालचे कागद मायक्रोमीटरने मोजा. चार प्लायचं ब्लँकेट साधारण १.९५ मिलिमीटर असतं. ते धरून किती पॅकिंग बसतं हे मशीनच्या पुस्तकात असतं. पुस्तक नाही म्हणाले तर ते कुठून मिळेल हे आधी शोधा, मशीन नंतर.

आणखी एक. मशीन चालू असताना फीड बोर्डवरचा एक शीट त्यांना काढून घ्यायला सांगा. कागद आला नाही की दाब आपोआप सुटला पाहिजे. सुटला नाही तर प्रतिमा इम्प्रेशन सिलिंडरवर (कागदाला मागून दाब देणाऱ्या) छापते आणि पुढच्या शीटच्या पाठीवर उमटते. गंमत म्हणजे १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेलच्या मशीनवर असाच एक कागद चुकला, सिलिंडरच्या रबरावर ठसा आला, आणि रबरावरून पाठीवर उमटलेला ठसा थेट छपाईपेक्षा स्वच्छ निघाला. कागदावरची ऑफसेट तिथून सुरू झाली. रुबेलचं भलं झालं. तुमच्या पार्टीच्या बिलबुकाची पाठ काळी झाली तर तुमचं होणार नाही.

बाकीचं भराभर. मीटर बदलता येतो, त्यावर विश्वास नको. नव्या रंगावर तर अजिबात नको. तेलाच्या निपलवर रंग चढलेला दिसला तर रंग दिल्यापासून तिथे ग्रीस गेलेलं नाही, एवढं नक्की. रोलर नखाने दाबून बघा, काचेसारखे चकाकत असतील तर सगळा सेट नवा करायचा खर्च किमतीत धरा. जुन्या मशीनला कर्ज देताना बँका का-कू करतात. मुद्रा कर्जाची तरुण गटातली मर्यादा १० लाख आहे, पण मर्यादा आहे म्हणून तेवढं उचलायचं नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ बघून मशीन घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मीही फार वेगळा नव्हतो. मात्र सल्ला मालकांना विचारू नका, हे माझं ठाम मत. मालक स्वतःच्या मशीनची निंदा करत नाही आणि शेजारी नवं मशीन येतंय म्हटल्यावर खरंही सांगत नाही. मशीनमनला विचारा. त्याचा दिवसाचा रोज आणि प्रवासखर्च द्या, फुकट नेऊ नका. फुकट नेलेला माणूस जेवणाच्या वेळेला "चांगलंय की" म्हणतो.

सोलापूरकरांसाठी वेगळं सांगायचं तर उन्हाळा. मी मशीन पावसाळ्यात बघितलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. पाण्यातलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) उडून जातं, प्लेट घाण धरायला लागते, उघड्या गठ्ठ्याच्या कडा आखडतात, दोन शीट एकमेकांना चिकटून येतात. तेव्हा मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका. कागद झाकून ठेवा, पाण्याचा पीएच ५ च्या आसपास आहे का बघा, दुपारचं चाररंगी काम सकाळी घ्या. निम्मा त्रास तिथेच संपतो.

आणि एकरंगी मशीनने पोट भरतं का? भरतं. पण चाररंगीच्या नादाने घेऊ नका. १००० शीट चाररंगी म्हणजे ४००० इम्प्रेशन, ५००० च्या स्पीडने ४८ मिनिटं. आणि चार प्लेट, चार धुलाया, रजिस्टर जुळवणं यात अर्धा दिवस. माझं घर आज चालतं ते बिलबुक, दवाखान्यांच्या फायली, कारखान्यांच्या नंबरिंगच्या पावत्या आणि गणपतीच्या वर्गणीपुस्तकांवर. दुरुस्तीनंतर तेच मशीन चाररंगीही नीट धरतं. टॉवेलचं कामही आलं, दुसऱ्या पार्टीचं. तेव्हा घेऊन फसलात तरी सगळं बुडालं असं नसतं. २३ दिवस मात्र फार लांब असतात.

माझी टेस्टची प्लेट गम (प्लेट खराब होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावून दुकानात भिंतीला टांगलेली आहे. १५ बाय २० चं मशीन बघायला चालला असाल तर घेऊन जा. परत आणून द्या आणि आणताना गम लावून आणा. मागच्या वेळी एकाने तशीच ओली गुंडाळून आणली, ती फेकावी लागली. आत्ता आहे ती दुसरी.