क्लिप-ऑन हँडल: आधी लीव्हर फिरवा, मग पाकीट काढा

स्पोर्ट बाइकवर मनगट दुखतं म्हणून क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, पाइपांना आवळून बसणारे दोन सुटे बार) बदलायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा खरा दोषी ब्रेक-क्लच लीव्हरचा कोन असतो. तो तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणारा स्टँड) घ्या, नेहमीचं जॅकेट-हेल्मेट घालून बसा, टाकी गुडघ्यांत धरा आणि दोन बोटं लीव्हरवर ठेवा. कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत आली पाहिजेत. मनगट मागे मोडून पंजा वर उचलला जात असेल तर लीव्हर उंच बसलेत. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून थोडे खाली फिरवा. आठवडाभर असंच चालवून पाहा. तरीही तळव्यावर भार येत राहिला, करंगळी बधिर होत राहिली, तर मात्र हँडलकडे वळा.

माप घेताना होणारी चूक

क्लिप-ऑन फोर्कच्या पाइपला आवळून बसतो, त्यामुळे पाइपचा व्यास मिलिमीटरपर्यंत जुळावा लागतो. निंजा ३०० चे साधे फोर्क ३७ मि.मी.चे आहेत, आर१५ व्ही३ चे ४१ मि.मी.चे. साध्या फोर्कमध्ये वरच्या टीमध्ये (दोन्ही फोर्क पकडणारी आडवी प्लेट) जातो तो हाच पाइप. आरसी ३९० सारख्या अपसाइड-डाउन (उलट्या, जाड नळी वर असलेल्या) फोर्कच्या माहितीपत्रकात ४३ मि.मी. लिहिलेलं असतं, पण तो आतल्या पाइपचा आकडा. क्लिप-ऑन बसतो बाहेरच्या जाड नळीवर. माहितीपत्रक वाचून मागवलेला सेट बसतच नाही, तो यामुळे. जिथे क्लॅम्प येणार तिथेच व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा.

बारची नळी २२ मि.मी.ची घ्या, म्हणजे जुने स्विच, ग्रिप आणि लीव्हर चालतील. उंची वाढवायची तर २० ते ३० मि.मी.वर थांबा. त्यापुढे ब्रेकची होज आणि क्लच केबल अपुरी पडण्याची शक्यता वाढते आणि काम चौपट होतं. शिवाय हँडल नुसतं उंच नको, थोडं मागेही यायला हवं. नाहीतर पाठ सरळ होते, पण हात ताणलेलेच राहतात.

बसवणं

टाकीवर जाड टॉवेल टाका आणि केबलच्या वाटांचे फोटो काढून ठेवा. फोर्कचं टोक टीच्या वर किती निघालंय ते मोजून लिहून ठेवा. जागा करण्यासाठी फोर्क वर सरकवू नका, त्याने पुढची बाजू खाली येते आणि गाडीचं वळणं बदलतं.

बार एंड (हँडलच्या टोकाचं वजन), ग्रिप, स्विच, लीव्हर या क्रमाने काढा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लीव्हरजवळचा ब्रेक ऑइलचा भाग) सरळ ठेवून दोरीने बांधा. होजवर लोंबकळू दिला किंवा उलटा झाला तर आत हवा शिरते. क्लिप-ऑन टीच्या खाली असेल तर टी काढावी लागेल. त्यासाठी पुढचा भाग स्टीअरिंग स्टेमच्या खालून उचला. खालच्या टीच्या बोल्टला हात लावू नका, फोर्क त्यांनीच धरलेत.

पाइप आणि क्लॅम्प ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा; ग्रीस अजिबात नको. बोल्ट आलटून-पालटून आवळा. एम६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, पण हँडलच्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच धरा. जोर लावून आवळलं तर अपसाइड-डाउन फोर्कची नळी दबते आणि फोर्क अडकत चालतो.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. स्टेम नटच्या मध्यापासून दोन्ही बार एंडपर्यंत टेपने मोजा.

स्विचच्या आत एक छोटी पिन असते, तिच्यासाठी नव्या नळीला भोक पाडावं लागतं. हे काम सगळ्यात शेवटी, कोन पक्का झाल्यावर करा आणि भोक नळीच्या एकाच भिंतीतून पाडा. ही कटकट नको म्हणून पिन घासून टाकणारे असतात. मग स्विचचा डबा फिरतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते.

रस्त्यावर काढण्याआधी

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. मूठ धरलेला अंगठा टाकी आणि हँडलमध्ये चेपतो का? फेअरिंगपासून किमान १० मि.मी. अंतर उरतंय का? इंजिन चालू ठेवून पुन्हा तेच करा. आरपीएम वाढला तर केबल ताणलेली आहे, वाट बदला. ॲक्सिलरेटर कुठल्याही कोनात सोडल्यावर झटकन बंद झाला पाहिजे. ब्रेकची होज उघडली असेल तर तांब्याचे वॉशर नवे घाला आणि हवा काढा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

वॉरंटी आणि विम्याच्या अटी आधी वाचून ठेवलेल्या बऱ्या. क्लॅम्प आणि पाइपवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) तपासा. रेघ तुटलेली दिसली तर क्लॅम्प सरकलाय. उघडा, पुसा आणि परत बसवा.