मिठाच्या पाण्यातही दिवा लागत नाही? या चुका टाळा

कोणत्या पाण्यातून वीज वाहते ते पाहायचं आहे: पेल्यात मिठाचं पाणी, त्यात दोन तारा, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि बल्ब ढिम्म! अशा वेळी बहुतेक जण आणखी मीठ ओततात. त्याआधी बल्ब बदला. टॉर्चमधल्या जुन्या तारेच्या बल्बला शेकडो मिलिअँपिअर लागतात, एलईडी काही मिलिअँपिअरमध्येच उजळतो. त्याला 470 ओहमचा रोधक (प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) जोडा आणि लांब पाय बॅटरीच्या धन टोकाच्या बाजूला ठेवा. (भिंतीतल्या प्लगची वीज या प्रयोगाच्या आसपासही नको.)

खरी गडबड डोक्यात असते: विरघळलं म्हणजे वीज वाहणारच. साखर झकास विरघळते, पण तिचे रेणू अखंड राहतात आणि त्यांच्यावर प्रभार नसतो. एलईडी लागला नाही तर प्रयोग फसला असं समजू नका, तेच बरोबर उत्तर आहे. मिठाचे मात्र सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, सुटे होतात. धन आयन ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण टोकाच्या तारेकडे), ऋण आयन धनाग्राकडे (धन टोकाच्या तारेकडे) सरकतात, आणि हीच त्यांची ये-जा म्हणजे पाण्यातला प्रवाह. तारेतले इलेक्ट्रॉन काही पाण्यातून पोहत जात नाहीत. व्हिनेगरची गत अधलीमधली. त्यातल्या ॲसेटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी एकही धड आयनांत फुटलेला नसतो, म्हणून उजेड मिणमिणता.

ऊर्ध्वपातित (वाफ करून पुन्हा थंड केलेल्या, डिस्टिल्ड) पाण्यातही एलईडी लुकलुकला? पाण्याला दोष देण्याआधी तारा बघा. मिठातून काढून न धुता बुडवल्या असतील. आधी ऊर्ध्वपातित पाणी, मग साखर, मीठ शेवटी, हा क्रम पाळा. अतिशुद्ध पाण्याची वाहकता, म्हणजे वीज वाहू देण्याची क्षमता, 25 अंश सेल्सिअसला जेमतेम 0.055 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते. तेच उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती एकच्या आसपास जाते.

प्रयोग लांबवूही नका. तांब्याची तार झिजून पाणी गढूळ होतं, बुडबुडे तारांना चिकटून प्रवाह घटतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वापरा. तरी मिठाच्या पाण्यात धनाग्रापाशी क्लोरीन सुटू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

टीडीएस मीटर (पाण्यात किती पदार्थ विरघळलेत ते दाखवणारं उपकरण) हाताशी असेल तर एक लक्षात ठेवा: तो वाहकता मोजतो आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 ने गुणून आकडा दाखवतो. पाणी एक अंशाने तापलं तरी वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. साखरेच्या दाट पाण्यात मात्र तो बुडवा, आणि साखर आहे याचा त्याला पत्ताच लागणार नाही.